जोडावरची माती

धर्माजी राऊतांच्या वाडीत सलग तीन वर्षं वांगी मेली. मेली म्हणजे किडली नाहीत की करपली नाहीत. सकाळी ताठ उभं असलेलं झाड दुपारी मान टाकायचं आणि दोन दिवसांत उभ्याउभ्या जायचं. पानं शेवटपर्यंत हिरवी असायची आणि तेच धर्माजींना जास्त लागायचं. चिकूची कलमं बांधावीत तर या माणसानं, असं तारापूरपासून केळव्यापर्यंत लोक म्हणायचे. त्याला बायकोच्या भाजीपुरतं वांगं पिकवता येऊ नये! चौथ्या वर्षी त्यांनी वांग्याचं नावच टाकलं असतं, पण लाडकीनं त्यांना बांधावरचं एक झुडूप दाखवलं.

लाडकी डोंगरातली. मनोरच्या वरच्या अंगाला तिचा पाडा. तिथं पावसावर पिकणारं भाताचं एवढंसं खाचर होतं, नवरा जिवल्या होता आणि सासू तानी. भात कापून झालं की तिघं मुकादमाच्या ट्रकात बसून वीटभट्टीवर जायची आणि पाऊस तोंडावर आला की परतायची. पावसाळ्यात मात्र पाच-सहा वर्षं लाडकी आणि जिवल्या धर्माजींच्या वाडीत कलमांच्या कामाला येत आणि विहिरीजवळच्या खोपीत राहत. तिनं दाखवलेलं झुडूप रानवांग्याचं होतं. अंगभर काटे, कडू फळं, कुणी न लावता उगवलेलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुझी वांगी मरतात, हा नाय मरत. माती तीच हाय ना?"

डोंगरातली माणसं मालकालाही तू म्हणतात. त्यात अपमान नसतो आणि धर्माजींना तो कधी वाटलाही नाही. ते बांधावर बराच वेळ उभे राहिले. चिकू स्वतःच्या मुळांवर वाढवत नाहीत, रायणीच्या खुंटावर बांधतात, हे त्यांचे हात चाळीस वर्षं करत आले होते.

"लाडकी, गो," ते शेवटी म्हणाले, "आमी गाढव हाव."

या 'आमी'त ती धरली होती की नाही, ते तिनं विचारलं नाही.

त्या वर्षी त्यांनी चाळीस कलमं बांधून पाहिली. खाली रानवांग्याचा खुंट, वर नेहमीचं वांगं. दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं दोन्ही रोपं तिरकी छाटायची, एकमेकांना लावायची आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा नखाएवढा तुकडा जोडावर चढवायचा. मग ओल्या गोणपाटाखाली आठ दिवस. धर्माजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे छाटणी लाडकीच्या हाती गेली आणि तिच्याच हातात राहिली. चाळिसांतली एकतीस झाडं होळीपर्यंत फळत राहिली.

ती झाडं पहिल्या फळांवर असतानाच, लाडकी-जिवल्या भट्टीवर जायच्या आधी, प्रतापनं पाहिली होती. प्रताप हा धर्माजींचा पुतण्या. तारापूरच्या बाजूला त्याची भाजीची जमीन होती आणि अणुशक्तीच्या वसाहतीतल्या बाजारात त्याची भाजी जायची. मरीनं, म्हणजे या उभ्याउभ्या मरायच्या रोगानं, त्याचीही वांगी खाल्ली होती. तो स्कूटरवरून उतरला, झाडांभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि जाहीर केलं, "काका, पुढल्या साली मला बाराशे रोपं द्या. दिवाळीला लावणार. आणि ही दोघं मला पायजेत. लागवड, खुरपणी, तोडणी, बाकीची भाजी हायच. होळी काय, पावसापर्यंत काम देतो. पण रोपं बाराशे पायजेत हां, तरच मला परवडंल."

लाडकीनं ते ऐकलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. तानीचे गुडघे गेले होते. गेल्या साली तिला दोघांनी उचलून ट्रकात चढवलं होतं आणि भट्टीवर ती सात महिने धुरात खोकत बसून होती. या साली म्हातारीनं सरळ सांगितलं, "मला नेऊ नका. मी हितंच मरंन." ती लाडानं किंवा रुसून बोलत नव्हती. खरंच बोलत होती. तारापूरहून एस.टी.नं दर आठवड्याला पाड्यावर जाऊन येता आलं असतं. भट्टीवरून येता येत नाही.

म्हणून भादव्यात लाडकी कलमांना बसली ती पाठ मोडेपर्यंत बसली. जिवल्या पिशव्या भरायचा, पाणी आणायचा, गोणपाटं भिजवायचा. ती छाटत राहायची. अंगठ्याला चिरा पडल्या, त्यात वांग्याचा रस गेला की आग व्हायची. साडेतेराशे कलमं बांधली, त्यातली बाराशे वीस जगली. जगली की नाही हे ती पहाटेच ओळखायची. ज्याचा जोड धरला, त्याच्या पानांच्या कडेला दवाहून जाड पाण्याचे थेंब येतात. खालचं मूळ वर पाणी पाठवतं आणि पान ते सांडतं. थेंब नसलेलं रोप कितीही हिरवं असो, ती उपटून टाकायची. जयवंती, म्हणजे धर्माजींची बायको, पायरीवरून ओरडायची, "अगो, चांगलं रोप टाकतेस काय?" लाडकी नुसती हसायची.

आश्विनात तिचं खाचर पिकलं. कापणीला जाणं भागच होतं. बारा दिवस ती आणि जिवल्या पाड्यावर भात कापत, बांधत, झोडत राहिले. मुकादम बन्सी सायकलवरून येऊन गेला. ट्रक दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी निघणार होता. "यंदा बघू," जिवल्या म्हणाला. "बघायचं काय त्यात?" बन्सी म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

बाराव्या दिवशी संध्याकाळी दोघं वाडीत परतली, तेव्हा जयवंती त्यांची वाटच पाहत होती. पदर खोचून ती लाडकीला थेट रोपांकडे घेऊन गेली.

"बघ, तुझ्या माघारी काय केलंय ते!"

पुढच्या रांगा पाहून लाडकी खरंच थबकली. रोपं वीतभर झाली होती. पानं रुंद, काळपट हिरवी, चकचकीत. मागच्या पाच-सहा रांगा मात्र होत्या तशाच, बुटक्या. पुढच्या श्रीमंत घरच्या आणि मागच्या गरिबाच्या, असंच कुणालाही वाटलं असतं.

"शेणखत घातलं, माती घातली," जयवंती सांगत होती. "पिशव्या अर्ध्या रिकाम्या ठेवलेल्या तुमी. वांग्याला मानेपर्यंत माती लागते, माझी सासू मला पयल्या वर्षी शिकवून गेली. खत संपलं म्हणून मागची रायली. उद्या प्रताप येतोय रोपं बघायला. बघून खूश व्हायला पायजे."

लाडकीनं पुढच्या रांगेतली एक पिशवी उचलली. जोड दिसत नव्हता. तिनं नखानं माती बाजूला केली, बोटभर, मग दीड बोट. जोड सापडला. आणि जोडाच्या वर, वांग्याच्या देठातून, पांढरी कोवळी मुळं फुटून मातीत उतरली होती. तिनं दुसरी पिशवी पाहिली, तिसरी, दहावी. सगळीकडे तेच.

जयवंतीच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता, की बोलवेना. या बाईनं दोन वर्षं तिचं काम पायरीवरून पाहिलं होतं आणि या वेळी पहिल्यांदाच मातीत हात घालून मदत केली होती. मदत करायची सुचली तीही लाडकी नसताना! वांग्याला माती चढवू नये, हे त्या किनाऱ्यावर कुणालाही सांगावंच लागलं असतं, कारण तसं कुणी कधी ऐकलंच नव्हतं. आणि हे सांगायचं तिला स्वतःलाही सुचलं नव्हतं. तोच राग तिला सगळ्यात जास्त आला.

खोपीत चूल पेटवताना तिनं जिवल्याला सांगितलं.

"म्हणजे काय झालं?" तो म्हणाला. "रोपं तर बरी दिसतात."

"बरी दिसतात. पण आता ती आपल्या पायावर उभी हायत. रानवांग्याचा पाय सुटला. लावली की मरीनं मरतील, पयल्यासारखी."

"कवा?"

"फळ धरल्यावर."

जिवल्यानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मंग बोलू नको," तो म्हणाला. "प्रतापभाव पुढलीच रोपं पसंत करंल. लागवड झाली का काम चालू. मेली तर आपण थोडीच मारली? बाय माती घालते, बाबाला दिसत नाय, आणि बोलनी तू खानार? बोललीस तर सातशे रोपं गेली. बाराशे नाय तर काम नाय, आयकलंस ना? रविवारी ट्रक हाय."

त्याचं काही चुकत नव्हतं. लाडकीनं भाकरी थापली, भाजली, वाढली आणि स्वतः अर्धीच खाल्ली. तिला प्रतापच्या शेतातला पौष-माघ दिसत होता. वांगी लोंबलेली, आणि दुपारी एकेक झाड मान टाकतंय, आणि आपण त्यातूनच टोपली घेऊन फिरतोय. लोक म्हणणार, जोडाची वांगीपण मेली, म्हातारा आणि ती डोंगरची बाई काहीतरी खेळ करत होती. बांधावरचं झुडूप तिनं शोधलं होतं. ते खोटं ठरलेलं तिला बघवलं नसतं. भट्टीवर जाणं त्यापेक्षा सोपं, असं तिला वाटलं, आणि लगेच तानीची आठवण होऊन तेही सोपं वाटेना.

सकाळी प्रताप आला तो हसतच. जयवंतीनं चहा दिला, सातपाटीहून आणलेले बोंबील दुपारी तळते म्हणून सांगितलं. धर्माजी काठी टेकत रोपांपर्यंत आले. प्रताप पुढच्या रांगांवरून हात फिरवत चालला.

"काका, याला म्हणतात रोप! ही सगळी घेतो. मागची ती किडकी कशाला ठेवलीत? टाकून द्या."

"प्रतापभाव," लाडकी म्हणाली, "मागची घे. ही पुढली नको घेऊ."

प्रताप वळला. आधी त्याला मौज वाटली. "का गो? ती तुझी लाडकी हायत काय?" स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला. मग म्हणाला, "जिवल्या, तुझ्या बायकोला बोंबील साफ करायला पाठव. भाजी मी पंधरा वर्षं लावतोय, तिला काय कळतंय?"

जिवल्या जमिनीकडे पाहू लागला. लाडकीचे कान तापले. तिनं पुढच्या रांगेतली सगळ्यात देखणी पिशवी घेतली, माती उकरली आणि पांढरी मुळं दाखवली. प्रताप वाकून पाहू लागला.

"मुळं जास्त हायत. मग ती चांगलीच ना? दोन तोंडांनी जेवतंय."

"दोन नाय. एकच."

"कशावरून?"

तिला बोलून सांगता येईना. एवढं बोलायची तिला सवयच नव्हती. तिनं कनवटीचं अर्धं ब्लेड काढलं. त्या देखण्या रोपाचा जोडाखालचा देठ, रानवांग्याचा, तिनं सर्रकन कापला, माती परत लोटली आणि पिशवी उन्हात ठेवली. मग मागच्या रांगेतलं एक बुटकं रोप घेतलं, त्याचाही जोडाखालचा देठ कापला, काडीला टेकवून उभं केलं आणि पहिल्याच्या शेजारी ठेवलं. दोन्हींना तांब्याभर पाणी घातलं.

"दुपारपर्यंत थांब," ती म्हणाली.

"येडी झाली काय ही?" जयवंती पायरीवरून म्हणाली. "चांगली रोपं कापते!"

"थांबतो," प्रताप म्हणाला. "बोंबील खायचेत म्हणून थांबतो."

सकाळ फार हळू गेली. लाडकी मागच्या रांगांतून बसून सरकत राहिली. प्रत्येक पिशवीतल्या रोपाचा जोड अंगठ्यानं चाचपायचा. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ लागली तर ठीक, वरचा देठ जोडावरून सरकून बाहेर आला असला तर बाजूला. रानवांग्याच्या बुंध्यातून कुठं कोंब फुटला असला तर खुडायचा. काम नेहमीचंच होतं, पण आज ती प्रत्येक जोड दोनदा चाचपत होती. जिवल्या पाणी ओढत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा प्रताप हात पुसत अंगणातून आला. बुटक्या रोपानं मान टाकली होती, पानं चिंधीसारखी लोंबत होती. देखणं रोप ताठ उभं होतं, एक पानही वाकलं नव्हतं.

"घ्या!" प्रतापनं टाळी वाजवली. "मी सांगितलं ना? कापलं तरी उभं! हीच घेणार मी. बोल आता, लाडकी!"

लाडकी धर्माजींकडे बघत होती. म्हातारा उकिडवा बसला, त्यानं ताठ रोपाच्या बुडाशी बोट घातलं, तोडलेला देठ चाचपला आणि बोट तिथंच राहू दिलं. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटाला कळायला थोडा वेळ लागला.

"प्रताप," ते म्हणाले, "टाळ्या वाजवू नको. रायणीचा खुंट तोडला तर वरचा चिकू जगंल काय?"

"नाय जगणार."

"मग हा कसा जगला?"

प्रताप पुन्हा त्या ताठ रोपावर वाकला.

"खालचं तोडलं तरी याला पत्ता नाय," धर्माजी म्हणाले. "म्हणजे खालच्याचं पाणी हा पीतच नव्हता. हा साधा वांगा हाय, आपल्या मुळावर. तुझ्या मातीत गेला का मरंल. आणि जो मेला ना, तो इमानदार. रानवांग्यावर जगत होता, रानवांगा तोडला, गेला." ते काठीवर जोर देऊन उठले. आवाज चढला. "पण जोडावर माती घातली कोणी? जिवल्या?"

जिवल्या बादली घेऊन तसाच उभा राहिला. खरं सांगितलं तर बायचं नाव, आणि गप्प बसलं तर आपलं.

"मी घातली," जयवंती पायरीवरून म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, पण ती खाली उतरून आली. "त्यांना काय बोलू नका. मला वाटलं वांगंच हाय. सातशे तरी असतील."

चाळीस वर्षांच्या संसारात धर्माजींनी बायकोला चारचौघांत बोल लावला नव्हता, आज लावतील असं वाटलं. पण त्यांनी नुसता डोक्यावरून हात फिरवला. "आमी गाढवच," ते पुटपुटले.

"म्हणजे पाचशेच रोपं," प्रताप म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पाचशेत माझं काय होनार? मी दहा गुंठे नांगरून ठेवलेत."

लाडकीला रविवारचा ट्रक आठवला. तरीही ती म्हणाली, "दहा दिवस दे. वरची मुळं कापायची, माती उतरवायची, परत गोणपाटाखाली ठेवायची. खालचा जोड मेला नसंल तर धरंल. थोडी मरतील. किती ते सांगत नाय."

"आणि कोण करणार सातशे?"

"मी करंन."

प्रताप त्या मेलेल्या बुटक्या रोपाकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "आज तू बोलली नसतीस तर मला कधी कळलं असतं?"

"माघात."

"तवर तुझी कितीतरी हजरी भरली असती."

"व्हय," लाडकी म्हणाली. "हिशोब जिवल्यानं केला काल."

जिवल्याच्या हातातली बादली वाजली. प्रतापला हसू आलं, पण या वेळचं हसू निराळं होतं. "जगतील तेवढी घेईन," तो म्हणाला. "उरलेल्या जागेत वाल टाकीन. पण एकही रोप हिच्या हाताखालून गेल्याशिवाय मी घेणार नाय. आणि लागवडीला हीच पायजे. माझी माणसं पण मानेपर्यंत मातीच घालतील, मीसुद्धा घातली असती. पावसापर्यंत काम हाय दोघांना, बोललो तसंच."

लाडकी मागच्या रांगेत जाऊन बसली. तिला रडू येत होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं. जिवल्या आला, तिच्या बाजूला पाणी ठेवलं आणि हळूच म्हणाला, "माझं नाव कशाला घेतलंस?" पण त्याचाही चेहरा फुलला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं सातशेंना हात घातला. थोड्या वेळानं शेजारी सावली पडली. जयवंती पाट न घेता तशीच मातीत बसली आणि दुसरं अर्धं ब्लेड पुढे करून म्हणाली, "दाखव." पहिलं रोप तिनं जोडातच कापलं. दुसरंही. "असा नाय, बाय, आडवा धर," लाडकी म्हणाली आणि तिचं मनगट धरून वळवलं. तिसरं साधलं. दुपारपर्यंत दोघींच्या बोटांना चिरा पडल्या होत्या आणि जयवंती रसाच्या आगीनं हाशहुश करत होती, पण उठली नाही. सातशेंतली चारशे तीस वाचली.

रविवारी दोघं तानीकडे गेली होती, तेव्हा बन्सी मुकादमाचा ट्रक पाड्याखालच्या रस्त्यावर येऊन भोंगा वाजवत राहिला. जिवल्या खाली जाऊन सांगून आला. तानीनं विचारलं, "गेला?" "गेला," लाडकी म्हणाली. म्हातारीनं मान हलवली आणि पाय पसरून उन्हात बसली.

लागवडीच्या दिवशी प्रतापच्या शेतात आठ बायका होत्या, जिवल्या होता आणि प्रताप स्वतः होता, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. लाडकी सरीच्या टोकाशी उभी राहून रोपं देत होती. दर रोपाच्या जोडावर अंगठा फिरवायचा आणि मगच पुढे करायचं. पहिली सरी बरी गेली. दुसऱ्या सरीत तिनं पाहिलं, प्रताप रोप लावतोय आणि सवयीनं दोन्ही हातांनी माती ओढून देठाला चढवतोय, थोपटतोय. जोड मातीत गेला.

"माती खाली!" ती ओरडली.

सगळ्या बायका थांबल्या. लाडकी स्वतःच दचकली. जन्मात ती जमीनवाल्या माणसावर अशी ओरडली नव्हती. तिनं हातातलं रोप छातीशी धरलं आणि वाट पाहिली.

प्रतापनं वर पाहिलं, मग खाली पाहिलं. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी घाईघाईनं माती बाजूला सारू लागला. जोड उघडा पडेपर्यंत त्यानं बोटांनी उकरलं, मग मागे सरून विचारलं, "एवढी बरोबर?"

लाडकी जवळ आली. वाकून तिनं नीट पाहिलं.

"अजून दोन बोटं," ती म्हणाली.